रूबेनकाकांची तुरट वाइन

काल पनवेलला शेजारच्या ज्यू रूबेनकाकांच्या नातीचं लग्न होतं. जुन्या वाइनचं बूच निघालं आणि त्या वासासरशी मला खूप वर्षांपूर्वीचं वाइनचं दुकान आठवलं. नात तेव्हा शाळकरी होती, नुकतीच आईबापांसोबत इस्रायलला गेलेली.

मी दारूबंदीची पत्रकं वाटणारा, काकांना तिथे पाहून दुकानातच भडकलो. "काका, तुमच्या लग्नात मनुकांचं सरबत चालतं ना? मग हे विष कशाला?"

"सरबत दोन दिवसांत आंबतं, पुढारी! लाल वाइन तुरट असली की वर्षानुवर्षं टिकते. पोरीच्या लग्नात उघडेन. इथेच होणार ते."

"आणि ती आलीच नाही तर?"

काकांनी दुकानदाराकडे सगळ्यात तुरट बाटली मागितली. मला वाटलं, म्हातारा प्यायला सबब शोधतोय.

दारूवरचा माझा राग आजही तसाच आहे. पण मांडवात इस्रायलहून आलेली नवरी त्याच बाटलीतला घोट घेऊन म्हणाली, "आजोबा, अजून द्या ना!" तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या.