उठलो की उठले

तेव्हा आम्ही चिंचवडला राहत होतो. नवरा एका कारखान्यात होता. मी पिंपरीच्या एका कंपनीत जपानी यंत्रांची माहितीपत्रकं कामगारांसाठी मराठीत करून देत असे. जपानी मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गात शिकले होते. यंत्र बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरनं जाताना एक मासिक मला दिलं. त्यातली एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना.

गोष्टीत तसं घडत काहीच नव्हतं. मोठी बहीण लग्न होऊन जाते. दुसऱ्या दिवशी धाकटं भावंड सवयीनं दोघांपुरते तांदूळ धुतं आणि तसंच उभं राहतं. वाईट वाटलं, एकटं वाटलं, असा शब्दही नाही. तरी त्या उभं राहण्यात सगळं मन दिसत होतं.

हे मराठीत आणायचंच, असं मी ठरवलं आणि पहिल्याच पानावर अडले. गोष्ट सांगणारं ते धाकटं भावंड मुलगा की मुलगी, हे मूळ गोष्टीत कुठंच कळत नव्हतं. मराठीत मात्र 'उठलो' की 'उठले' हे ठरवल्याशिवाय पुढं सरकता येईना.

हट्टानं एकेक वाक्य पुन्हा लिहिलं. 'थांबले'च्या जागी 'पाय निघेना' आलं, 'विसरले'च्या जागी 'आठवेना'. सुचेना, उठवेना, राहवेना... असली क्रियापदं आपल्याकडे किती आहेत! आपण ती करत नाही, ती आपल्याला होतात. त्या गोष्टीतलं मनही तसंच होतं.

हिवाळा संपताना ती पुण्यात एका संपादकांकडे नेली.

"छान आहे," ते म्हणाले. "पण तांदूळ धुतेय म्हणजे मुलगीच ना? तेवढं स्पष्ट करा, लगेच छापतो."

"लेखकानं सांगितलेलं नाही. मी कसं सांगू?"

"वाचक गोंधळतील हो."

"मग राहू द्या," म्हणून कागद उचलले. परतीच्या बसमध्येही माघार घ्यावीशी वाटली नाही.

पुढं एका लहानशा मासिकानं ती जशीच्या तशी छापली. रहाटणीला दिलेली माझी नणंद माहेरपणाला आली होती. तिनं एका बैठकीत ती वाचली आणि भावाकडे बघून म्हणाली, "दादा, मी गेल्यावर तूपण असाच उभा राहिलास का रे?"

तो उठला. आत जाऊन पाणी प्यायला, मग माझ्याशेजारी येऊन बसला.

"त्या मासिकात आणखी गोष्टी आहेत का गं?"

होत्या. दुसरी मी आधीच करायला घेतली होती.