माझा गुडघा आणि माहेरची मनी

आमच्या घरात पेशंट म्हणून माझा नंबर दुसरा होता. पहिला नंबर मांजरीचा.

ही तक्रार नाही. (तक्रारच आहे, पण एवढ्या वर्षांनी ती आठवण म्हणून खपून जाते.) मी तेव्हा पवनीला शाळेत शिक्षक होतो. एकोणीसशे ऐंशीच्या पुढचा-मागचा काळ. बायकोचं, म्हणजे सिंधूचं, माहेर अड्याळला. लग्न झालं त्या वर्षी सासऱ्यांनी लेकीसाठी धान पाठवलं, धानामागोमाग उंदीर आले, आणि उंदरांवर उपाय म्हणून पुढच्या खेपेला बैलबंडीत पोत्यावर बसून मनी आली. पिल्लूच होती. खाली उतरली, घरभर फिरली, मला हुंगलं आणि पलीकडे निघून गेली. माझ्याबद्दल तिचं जे काही मत व्हायचं ते त्या दिवशी झालं आणि शेवटपर्यंत बदललं नाही.

मनीचं काम धानाची ढोली, म्हणजे घरातली कणगी, राखायचं. ते तिनं चोख केलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती माहेरची होती. बायकोच्या माहेरचा माणूस आला तर तो निदान चार दिवसांनी परत जातो. मनी परत जायला आलीच नव्हती. तिनं माझी चादर ओली केली तरी सिंधू म्हणायची, "तुमीच दार उघडं ठेवलं असंन."

तर अशी ही मनी म्हातारी झाली आणि तिच्या पोटाला गाठ आली. तिनं खाणं सोडलं, तसं सिंधूनंही अर्धं जेवण सोडलं.

"भंडाऱ्याले नेऊ तिले," सिंधू म्हणाली.

"अवं, मांजर हाय ते."

"मंग? मांजराले पोट नसते काय?"

एसटीत मनी टोपलीत, टोपली खिडकीजवळच्या सीटवर, टोपलीशेजारी सिंधू, आणि मी उभा. अड्याळच्या स्टँडवर गाडी थांबली तर खिडकीखाली सासू-सासरे हजर! सिंधूनं बाजाराला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती आदल्या दिवशीच निरोप धाडला होता. सासूबाईंनी खिडकीतून हात घालून मनीच्या कपाळाला अंगारा लावला. सासऱ्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर म्हणाले, "जवाईबुवा, जरासे बाजूले व्हा. मनीचं तोंड दिसून नाई राहिलं."

दवाखाना गुरांचा होता. डॉक्टरांनी आधी आमच्या पाठीमागे अंगणात नजर टाकली आणि विचारलं, "जनावर कुठे बांधलं?" सिंधूनं टोपली टेबलावर ठेवली. डॉक्टर भला माणूस. बैल-म्हशींची सवय असलेल्या त्या जाड बोटांनी त्यांनी गाठ काढली, टाके घातले आणि घाम पुसत बाहेर आले. "वाचली," ते म्हणाले. "पण टाके चाटू देऊ नका. पोटाला काही तरी घाला."

इथे मला माझं हर्नियाचं ऑपरेशन आठवलं. ते फार आधीचं नव्हतं. शुद्धीवर आल्या आल्या मी क्षीण आवाजात हाक मारली होती, "सिंधू..." त्यावर ती म्हणाली होती, "झालं ना आता ऑपरेशन? मंग कण्हून काहून राहिले?" सासऱ्यांचा निरोप आला होता, "धानाची कापणी चालू हाय. संपली का येतो." ती कापणी अजून संपली नसावी, कारण ते काही आले नाहीत. मनीच्या ऑपरेशनच्या वेळीही कापणीच चालू होती. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सासरे दारात उभे, हातात ताजी मरळ!

"बिमार मानसाले मरळ चांगली रायते," ते म्हणाले आणि माझ्या अंगावरून आत गेले.

त्या दिवशी घरात मरळ शिजली. बिनमिठाची, बिनतिखटाची, काटे काढलेली. मला वांग्याची भाजी होती.

आता पोटाला काही तरी घालायचं. माझ्या दिवाळसणाला सासूबाईंनी स्वतःच्या हातानं विणलेला एक स्वेटर मला मिळाला होता. सासरकडून मला मिळालेली ती एकुलती एक मायेची वस्तू. मी शाळेतून आलो तेव्हा तो सिंधूच्या मांडीवर होता आणि तिच्या हातात कात्री होती.

"हे काय करून राहिली?"

"बाहीचं माप मनीले बरोबर बसते," ती म्हणाली. "तुमच्यापाशी दुसरी बाही हाय ना."

उजवी बाही गेली. तिला पायांसाठी चार भोकं पाडली आणि मनी तिच्यात अशी बसली की जणू सासूबाईंनी तिच्यासाठीच विणली होती. सासरे कौतुकानं म्हणाले, "रंग खुलून दिसते मनीले." मी तोच स्वेटर वर्षानुवर्षं घालत होतो, माझ्यावर तो रंग खुलला की कोमेजला, हे कुणी पाहिलंही नव्हतं. पुढचे काही दिवस मी एका बाहीच्या स्वेटरात शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी काळजीनं विचारलं, "गुरुजी, हाताले काई झालं काय?"

टाके सुकले, बाही निघाली. मला वाटलं, संपलं. पण थंडी वाढली तशी मनी लंगडायला लागली. बसली की उठेना, उठली की मागचे पाय आखडून चाले. पुन्हा भंडारा. (पुन्हा मी उभा.) डॉक्टर म्हणाले, "वय झालं. सांधे धरले आहेत. ऊब द्या, मऊ अंथरूण द्या, उडी मारू देऊ नका."

मग जे सुरू झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या खाटेखाली थंडीत गोरसी असायची, म्हणजे निखाऱ्याचं मातीचं भांडं. ती मनीच्या अंथरुणाजवळ गेली. धानाचा कोंडा तव्यावर भाजून, फडक्यात बांधून, मनीचे सांधे शेकले जाऊ लागले. सकाळ-संध्याकाळ मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून मालीश. वर सिंधूचं गुणगुणणं. लग्नानंतर सिंधू मला ऐकू येईल असं एकदाही गुणगुणली नव्हती. मला वाटायचं, तिला येत नसेल.

मी जळलो. उगाच आडपडदा कशाला? मांजरीवर जळलो. शाळेत मुलांना भूतदया शिकवायचो आणि घरी येऊन दारातूनच पाहायचो, की आज ती भवानी कुणाच्या उशीवर आहे. माझ्याच असायची. आणि माझाही गुडघा तेव्हा दुखायचा. अगदी खोटं नाही. जिना चढताना कुरकुरायचा. (आमच्या घराला जिना नव्हता, पण शाळेला होता.)

मी सिंधूसमोर गुडघा चोळत बसू लागलो. तिचं लक्ष नाही. उठताना "आई गं" म्हणू लागलो. ती म्हणाली, "हळू बोला, मनी जागी होते." ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी सरळ म्हणालो, "माझाबी गुडघा दुखते. मलेबी तेल लाव."

"तुमी चालत जा ना शाळेत," सिंधू म्हणाली. "मोकळा होते."

मी चालतच जात होतो!

तेव्हा मी ठरवलं की आपणही पद्धतशीर आजारी पडायचं. नमुना डोळ्यांसमोर होताच. मनी करते ते सगळं करायचं. मनी पाय आखडून चालते, मी आखडला. मनी ताटाकडे पाहून तोंड फिरवते, मीही फिरवलं. सिंधूनं माझं ताट उचललं आणि म्हणाली, "बरं झालं बाप्पा. चिन्नोर तांदळाचा वासाचा भात हाय, मनी खाईल." आता मागे हटणं शक्य नव्हतं. रविवारी सकाळी मी जाहीर केलं, "मले खाटेवरून उठता येत नाई."

आमच्याकडे थंडीत आजारी माणसाची खाट अंगणात उन्हाला टाकतात आणि खाट दिसली की मोहल्ला पाहायला येतो. त्यासाठी निमंत्रण लागत नाही. सिंधूनं शेजारच्या यमुनाबाईंच्या मदतीनं माझ्यासकट खाट अंगणात आणली. मला भरून आलं. मग तिनं मनीला आणून माझ्या पायथ्याशी, चांगलं ऊन होतं तिथे, ठेवलं, आणि मला म्हणाली, "पाय जवळ घ्या." लोक आले. यमुनाबाई, त्यांची जाऊ, समोरचे दुकानदार, सगळे आले आणि सगळे पायथ्याशीच थांबले.

"कशी हाय आता?"

"शेकून बरं वाटते तिले."

"डोळ्यात तेज आलं वं."

माझ्याही डोळ्यांत तेज आलं होतं, पण ते वेगळ्या कारणानं. मी मोठ्यानं कण्हलो. यमुनाबाईंनी वळून पाहिलं. "अन गुरुजीले काय झालं?"

"काई नाई," सिंधू म्हणाली. "आज रविवार हाय."

तेवढ्यात फाटक वाजलं. सासरे! आणि त्यांच्यामागून एक दांडगा इसम, मनगटं उखळीसारखी. अड्याळचे दाजीबा, हाडवैद्य. चिखलात घसरलेल्या बैलांचे सांधे बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सासऱ्यांनी त्यांना मनीसाठी आणलं होतं, शेतातल्या कामातून उठवून. दाजीबांनी मनीला तळहातावर घेतलं, पाय हलकेच दाबून पाहिले, आणि परत खाटेवर ठेवलं.

"म्हातारपन हाय हे," ते म्हणाले. "याले मी काय बसवू? शेकत राहा."

एवढ्या लांबून माणूस आणला आणि त्याला कामच नाही, म्हणजे सासऱ्यांची केवढी पंचाईत! आलेला वैद्य आमच्या भागात रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त सिंधूला.

"दाजीबा," ती माझ्याकडे बोट करून गोड आवाजात म्हणाली, "आलेच हा त यायचा गुडघा पाहून घ्या."

"नको," मी म्हणालो. "आता बरा हाय."

"सकाळपासून उठता येत नाई त्यायले," सिंधू म्हणाली. अख्ख्या मोहल्ल्यादेखत, माझेच शब्द.

मी खाटेवरून उठून दाखवलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण पंधरा माणसांसमोर खोटा ठरण्यापेक्षा एक पाय दाजीबांच्या हवाली करणं मला सोपं वाटलं. शिकलेला माणूस असा विचार करतो. दाजीबांनी हातांना तेल चोळलं (मनीचंच), सासऱ्यांना म्हणाले, "खांदे धरा," आणि माझा चांगला, चालता, जिना चढणारा पाय त्यांनी असा ओढला की चिखलातून बैल काढताहेत. कड असा आवाज आला.

"बसला," दाजीबा समाधानानं म्हणाले.

बसला नव्हता, उठला होता. माझी किंकाळी ऐकून मनी, जिला उडी मारायची बंदी होती, खाटेवरून उडी मारून थेट घरातल्या ढोलीवर गेली. आणि सगळा मोहल्ला मला तसाच टाकून तिच्यामागे धावला. "पडंन ना वं ते!" सिंधू ओरडत होती. मी अंगणात एकटा होतो. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी अवस्था. फक्त कुत्र्याच्या जागी मांजर होती.

त्यानंतर मात्र मी खराखुरा आजारी पडलो. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. आणि माझी इच्छा पूर्ण झाली! गोरसी आली, कोंड्याची पोटली आली, टोरीचं तेल आलं. आधी मनी, मग मी. पोटली मनीचे सांधे शेकून माझ्यापर्यंत येईतो कोमट झालेली असायची, पण मी कुरकुर केली नाही. सिंधू माझा गुडघा चोळायची तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो. एकदा तर ती गुणगुणलीही. मी हळूच डोळा उघडून पाहिलं. दुसरा हात मनीच्या पाठीवर होता.

तेलाच्या वासानं असेल, नाही तर सुजेच्या उबेनं असेल, मनी एक दिवस स्वतःहून माझ्या गुडघ्यावर येऊन झोपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी श्वास रोखून बसलो. त्याच वेळी मुख्याध्यापक मला पाहायला आले, हातात बिस्किटांचा पुडा. मी उठायला गेलो तशी सिंधू स्वयंपाकघरातून म्हणाली, "उठू नका."

मुख्याध्यापक हळहळले. "बरोबर हाय वहिनी. आराम पाहिजेच त्यायले."

"नाई," सिंधू म्हणाली. "मनी आत्ताच झोपली."

त्या थंडीच्या शेवटी मनी गेली. त्याच गुडघ्यावर, झोपेतच. मला वाईट वाटलं, आणि इतकं वाईट वाटलं याचा मला रागही आला. सिंधूनं तिला परसात पुरलं, स्वेटरच्या त्या बाहीसकट. ती बाही मी परत मागितली नाही, पण उरलेला स्वेटर मी नंतर कधी घातलाही नाही.

गुडघा दाजीबांनी दिला तसाच राहिला. दर थंडीत धरतो. सिंधू कोंडा भाजते, तेल कोमट करते, न विसरता, कुरकुर न करता. आता मध्ये कुणी नाही. सगळी ऊब माझी. परवा असाच शेक घेत होतो. "जरा वरती," म्हणालो. "जास्त गरम हाय," म्हणालो. "आता थंड झाली," म्हणालो. सिंधूनं पोटली खाली ठेवली आणि परसाकडे पाहत मोठा उसासा सोडला.

"मनी चावत होती," ती म्हणाली, "पन बोलत नव्हती."

म्हणजे घरात आता पेशंट मी एकटाच आहे. नंबर मात्र अजून दुसराच.