राखाडी बाही

मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तेलकट वास आला की चाकणच्या एका कारखान्याची गेट मीटिंग आठवते. युनियनचा अध्यक्ष कामगारांनी थेट निवडायचा की कमिटीने, यावर हात वर करून मतदान होतं. एका पुढाऱ्याने अमेरिकेचा दाखला दिला, दुसऱ्याने आपल्या संसदेचा. कायम कामगारांच्या निळ्या शर्टांच्या गर्दीत माझ्या शेजारून एक राखाडी बाही वर झाली. तिला तोच वास होता. "भाऊ, हात खाली घ्या. कंत्राटी कामगारांना मत नाही," पुढारी माइकवरून म्हणाला. "अकरा वर्षं तेच मशीन चालवतोय, राव," शेजारचा म्हणाला. हात वरच राहिला. गेटवरून कंत्राटदाराचा माणूस पाहत होता. दुसऱ्या सकाळी त्या राखाडी बाहीवाल्याला कामावर घेतलं नाही. त्याच सकाळी थेट निवडणुकीच्या विजयाची माझी बातमी पेपरात आली. मतांचे आकडे अचूक होते. तो हात मी आजवर कुठेच लिहिला नव्हता.