निरोपाची शाल

मी आमच्या गावच्या कबड्डी संघाचा प्रशिक्षक होतो. गावातली कोवळी पोरं घडवायला थोडी वर्षं द्या, असं मी सांगत होतो. अध्यक्षांना चषक यंदाच पाहिजे होता. त्यांनी बाहेरून भाड्याचे तयार गडी आणले, आणि भर मैदानात माझ्या हाती शाल-नारळ देऊन हसत म्हणाले, “सर, आता घरी आराम करा.”

तो नारळ मी वडीगोद्रीजवळच्या एका पडीक रानात फोडला आणि आमच्याच पोरांना तिथं खेळवायला लागलो. शाल घडी करून ठेवली. अध्यक्ष दर साली नवे गडी आणत राहिले.

परवा अंतिम सामन्यात माझ्या पोरांनी त्यांचा संघ लोळवला. यजमान म्हणून चषक अध्यक्षांच्याच हातून आम्हाला मिळणार होता. तो घ्यायच्या आधी मी तीच शाल त्यांच्या खांद्यावर टाकली.

“अध्यक्षसाहेब, आता घरी आराम करा.”