धरणावरचे बगळे

वसमतला हळद शिजायला लागली, की तो वास घरात शिरतो आणि मला सत्तरच्या दशकातलं सिद्धेश्वर धरण आठवतं. लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा मी, बायकोला फिरायला म्हणून नेलं आणि कॅमेरा घेऊन बगळ्यांच्या मागं लागलो. तिला काठावर पाठमोरी उभी केली.

"वळू नको, बगळे उडतील," मी हळूच म्हणालो.

हळदीचे पिवळे हात मागं बांधून ती म्हणाली, "मंग माझं तोंड कवा काढता?"

"पुढच्या खेपेला."

गावभराचे चेहरे काढता काढता ती खेप राहूनच गेली. आता भिंतीवर तिचा तोच एकुलता एक फोटो आहे, हार घातलेला. पाहुणे विचारतात, "वहिनीचं तोंड काहून न्हाई दिसत?"

मी म्हणतो, "वळली असती, तर बगळे उडाले असते."