कार्डावरची नववी ओळ

रांझीहून भाचीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "मामा, बाबा गेले..." एवढंच ती बोलू शकली. लिहायला लाज वाटते, पण रडू येण्याआधी माझ्या मनात आलं की आता ती गोष्ट त्यांना कधीच सांगावी लागणार नाही. याला पाच आठवडे झाले.

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, फॅक्टरीत इन्स्पेक्टर होते. फौजेचे ट्रक तपासायचे आणि कार्डावर सही करायची, हे त्यांचं काम. घरीही त्यांची तपासणी थांबत नसे. ताईची पोळीसुद्धा ते उजेडाकडे धरून पाहत. अशा माणसानं पनागरच्या एका आडत्याच्या गोठ्यातून माझ्यापेक्षा वयानं मोठी असलेली मोटार ओढून आणली, तेव्हाच मी कपाळाला हात लावला. वरून ती बरी होती, पण ओल्या जमिनीवर वर्षानुवर्षं उभी राहून खालचा पत्रा तांबडा झाला होता. दुसरा कुणी वरून रंग मारून फिरवत बसला असता. आम्ही दोघं मात्र वर्षभर दर रविवारी, विटांवर चढवलेल्या गाडीखाली पाठीवर पडून तारेच्या ब्रशनं गंज घासत होतो. डोळ्यांत पूड, मानेत कळ. मी म्हणायचो, झालं आता. ते नखानं एक ठिपका दाखवायचे. "हा कोण आहे? तुझा पाहुणा? काढ त्याले."

मग कारगिलची लढाई सुरू झाली. फॅक्टरीत ओव्हरटाइम लागला, रविवार बंद झाले. इकडे घासलेला पत्रा उघडा आणि पावसाळा तोंडावर. त्यावर लाल ऑक्साइड आणि डांबराचा काळा थर ताबडतोब द्यायला हवा होता, आणि ते काम माझ्यावर आलं. भाऊजींनी फॅक्टरीतल्यासारखं जॉब कार्ड लिहून दिलं. सतरा ओळी! पत्रा कोरडा आहे की नाही ते गाल लावून पाहणे, ही दुसरीच ओळ. चौथ्या ओळीपाशी मी वैतागलो, कार्ड खिशात कोंबलं आणि आठवडाभराचं काम दोन दिवसांत उरकलं. एक फट, एक भोक सोडलं नाही, याचा मला अभिमानही वाटला. भाऊजी डबल शिफ्ट करून आले. कार्डाप्रमाणे केलं ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी खाली वाकून पाहिलंही नाही, सही करून कार्ड माझ्या हातात दिलं आणि भिंतीला टेकल्या टेकल्या झोपले. न तपासता केलेली त्यांची ती बहुधा एकमेव सही असावी.

दोन पावसाळ्यांनंतर आम्ही सगळे त्या गाडीतून कुंडमकडे निघालो होतो. वाटेत ताईची टाच तळाच्या पत्र्यातून आरपार गेली. "अहो, माझी चप्पल रस्त्यावर राहिली," ती म्हणाली. आम्ही हसलो. भाऊजी गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आत शिरलेलं पाणी गळून जावं म्हणून गाडीच्या तळाला बारीक भोकं असतात. ती सगळी डांबरानं बुजलेली होती. पाणी आत साचलं होतं आणि पत्रा आतून खाल्ला गेला होता.

"भोकं सोडाची, हे कार्डावर होतं ना रे?" बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं.

"नाही, भाऊजी."

घरी आल्यावर मी कार्ड शोधून काढलं. नववी ओळ. पाणी जायची भोकं मोकळी ठेवणे. खाली दोन रेघा मारलेल्या. मी ते कार्ड बंबात घातलं.

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं... "मंग माझंच राहिलं लिहाचं," एवढंच म्हणाले, आणि जो विचारेल त्याला तेच सांगत राहिले. सहा महिन्यांत त्यांनी स्वतः अर्ज करून तपासणी सोडली आणि स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. लोक म्हणाले, थकले असतील. तेव्हापासून आपल्या हातानं लिहिलेल्या कुठल्याच कागदावर त्यांचा भरवसा राहिला नाही. भाजीची यादी केली तरी ती कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचे. बघ बरं, काही राहिलं का. ताई वैतागायची, भाची वैतागायची. आणि सांगतो, मीही वैतागायचो. भाऊजी, मेथी लिहिली आहे हो, असं मी, मी त्यांना म्हणायचो.

मागच्या रविवारी रांझीला गेलो आणि ताईला सगळं सांगून टाकलं. ती मासिक श्राद्धाच्या सामानाची यादी लिहीत होती. ऐकताना तिचं पेन थांबलं.

"मले काहून सांगून राहिला?" ती म्हणाली. "मी त्यांच्यावर वीस वर्षं चिडली. यादी वाचाले लागले की आतून ओरडत होती, पुरे करा म्हणून."

आता तीही यादी करून झाली की वाचून दाखवते. सवय लागली आहे तिला. मी वाट पाहत राहिलो. तिनं उरलेल्या दोन ओळी लिहिल्या, कागदाची घडी केली, पिशवीत टाकली आणि मला काही न विचारता बाजाराला निघून गेली.