मित्सुएबाई आणि नोहो

त्या मंगळवारी सकाळचे साडेदहा वाजले तरी झेंजिरो नारुमी दवाखान्यात आले नव्हते. डॉक्टर हामानो दोनदा बाहेर डोकावून गेले. मित्सुए ओसानाई तर दारातच उभी होती.

"विसरले असतील," डॉक्टर म्हणाले. "शहात्तर वय आहे."

"झेंजिरो आजोबा? तेरा वर्षांपूर्वीच्या वादळात कुठल्या झाडाची किती सफरचंदं पडली ते तोंडपाठ आहे त्यांना." एवढं बोलून मित्सुएने गाडीची किल्ली उचलली.

इवाकी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या गावात ती चौतीस वर्षं आरोग्यसेविका होती. त्यातली पहिली वीस मिठाशी भांडण्यात गेली. घरोघर जायचं, मिसोच्या सारात मीठ मोजायचा मीटर बुडवायचा, आकडा दाखवायचा आणि बायकांची बोलणी खायची. "आली मीठचोर!" असं तिला तोंडावर म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. चीड यायची ती दवाखान्यातल्या भाषेची.

त्यालाही कारण होतं. ती सोळा वर्षांची असताना तिच्या आईच्या अंडाशयात पाण्याची पिशवी झाली होती. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं ते पुस्तकी शब्दात, आणि त्या शब्दाची शेपटी कॅन्सरच्या गाठीच्या नावासारखीच होती. आईने काही विचारलं नाही. वाकून आभार मानले, घरी आली आणि स्वतःचे सगळे किमोनो बहिणींना, भाच्यांना वाटून टाकले. मग ऑपरेशन झालं आणि आई ठणठणीत परत आली. पुढे प्रत्येक लग्नाला तिला आपलाच किमोनो उसना मागून न्यावा लागे. सगळे हसत, आईही हसे. मित्सुएला मात्र आठवायचे ते मधले दोन महिने, आई गप्प बसून एकेक खण रिकामा करत होती ते.

म्हणून तपासणीच्या दिवशी ती डॉक्टरांच्या शेजारी उभी राही. कोण समजून मान हलवतोय आणि कोण उगाच, हे तिला लांबून कळे, असा तिचा लौकिक होता. दोन आठवड्यांपूर्वी झेंजिरोंची सोनोग्राफी झाली तेव्हाही ती तिथेच होती.

डॉक्टर पडद्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले होते, "नोहो आहे. बऱ्याच वर्षांचा दिसतो."

"चाळीस वर्षं झाली की," झेंजिरो म्हणाले. त्यांना कमी ऐकू यायचं.

डॉक्टर टोक्योचे. इथली बोली त्यांना निम्मी कळे, उरलेल्या निम्मीवर ते हसून वेळ मारून नेत. ते हसले आणि म्हणाले, "जरा वेगळा आहे. पुन्हा एकदा नीट बघायला हवा. दोन आठवड्यांनी, मंगळवारी दहाला?"

"बघा की! मी तयार असतो."

यात मित्सुएला खटकण्यासारखं काही वाटलं नव्हतं. तिने तारखेची चिठ्ठी आजोबांच्या खिशात घातली होती.

सफरचंदांना कागदी पिशव्या घालायचे दिवस होते. प्रत्येक बागेत माणसं शिड्यांवर चढलेली होती. झेंजिरोंच्या बागेत मात्र सामसूम. गवत कापलेलं, वाट झाडलेली. सगळ्यांत जुन्या झाडाखाली चटई, तिच्यावर चहाचा थर्मास, काकडीचं लोणचं आणि ताज्या चेरी. शेजारी झेंजिरो उभे, लग्नाकार्यात घालायचा काळा कोट घालून.

"या मित्सुएबाई! डॉक्टरसाहेब मागून येतायत ना?"

"इथे? कशाला?"

"कशाला म्हणजे? नोहो बघायला!"

मित्सुएचे कान तापले. शेती करायच्या पद्धतीलाही नोहोच म्हणतात. लिहिताना अक्षरं वेगळी, बोलताना आवाज एकच. डॉक्टर बोलत होते मूत्रपिंडावरच्या पाण्याच्या पिशवीबद्दल, आजोबा ऐकत होते आपल्या छाटणीबद्दल. झाडाचा गाभा पेल्यासारखा मोकळा ठेवायची त्यांची रीत. बागायतदारांच्या सोसायटीच्या तज्ज्ञाने एकदा चारचौघांत तिला 'टक्कल पाडणं' म्हटलं होतं. आणि आता टोक्योचा डॉक्टर ती मुद्दाम बघायला येणार, हे त्यांचं दोन आठवडे सोसायटीत सांगून झालं होतं.

"मी म्हटलं, माणसांचा डॉक्टर झाडं कशाला बघेल?" त्यांची बायको तात्सु घराच्या दारातून म्हणाली. "तर म्हणे, तुला काय कळतं!"

मित्सुएला हसू फुटत होतं, ते तिने गिळलं. हसण्याचा तिला हक्क नव्हता. ती स्वतः तिथे उभी होती आणि तिलाही कळलं नव्हतं.

"येतीलच," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दवाखान्यात फोन लावला.

सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "पण मी शब्द बरोबर वापरला होता."

"बरोबर होता. पोचला नाही. तुम्हीच या इकडे. आधी बाग बघायची, मग बोलायचं."

डॉक्टर आले. अर्धा तास झाडांमधून फिरले. आधी जरा अवघडून, मग मनापासून विचारू लागले, ही फांदी का कापली, ती का ठेवली. झेंजिरोंचा आवाज चढत गेला. शेजारच्या बागेतली माणसं शिड्यांवरून बघत होती, ते त्यांनी बरोबर टिपलं होतं.

मग सगळे चटईवर बसले. मित्सुएने एक चेरी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"आजोबा, एवढी पाण्याची पिशवी आहे तुमच्या उजव्या मूत्रपिंडावर. तिलाही नोहो म्हणतात. तुमच्या वयाच्या कितीतरी जणांना असते, बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. पण तुमच्या पिशवीची साल एका बाजूला जाड दिसते. ती का, ते मोठ्या इस्पितळात स्कॅन करून बघायचंय. त्या दिवशी डॉक्टरसाहेब हे म्हणत होते. तुम्हाला कळलं नाही, हे मला कळलं नाही. चूक आमची."

झेंजिरोंचा चेहरा लाल झाला. त्यांनी चेरी चटईवर ठेवली.

"म्हणजे सोसायटीत मी जे सांगत फिरलो..."

"डॉक्टर आले का बाग बघायला?" तात्सुने विचारलं.

"आले."

"मग खोटं काय बोललात? चला, मी पण येते स्कॅनला."

स्कॅनमध्ये पिशवीच्या सालीत लहानशी गाठ निघाली, वाईट जातीची, पण अजून जागची न हललेली. सप्टेंबरात ऑपरेशन करून तेवढाच तुकडा काढला. नोव्हेंबरच्या तोडणीला झेंजिरो क्रेटवर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होते. "याचं तोंड का नाही कापलं?" असं तात्सु डॉक्टरांना विचारून आली.

इकडे दवाखान्यात वेगळीच लढाई चालू होती. मित्सुएचं म्हणणं, रोग्याच्या चिठ्ठीवर 'नोहो' नको, 'पाण्याची पिशवी' लिहायचं.

"मग कुणी गांभीर्याने घेणार नाही," डॉक्टर म्हणाले. "झेंजिरोंचंच बघा. नुसतं 'पाण्याची पिशवी' म्हटलं असतं तर ते स्कॅनला गेले असते?"

हा मुद्दा तिला नाकारता आला नाही. चार दिवस विचार करून ती परत आली. "एका शब्दात भागणारच नाही. काय आहे, बहुतेकांच्या बाबतीत त्याचं काय होतं, आणि तुमच्या बाबतीत आम्हाला काय बघायचंय, हे तिन्ही सांगायचं. शेवटी समोरच्याला विचारायचं, घरी जाऊन बायकोला काय सांगाल?"

"वेळ जाईल."

"बागेत गेला त्यापेक्षा कमी जाईल."

डॉक्टर हसले, आणि या वेळी त्यांना सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहून सोनोग्राफीच्या यंत्रावर चिकटवलं. वसंतापर्यंत शेजारच्या तीन गावांतल्या आरोग्यसेविका तो कागद उतरवून घेऊन गेल्या.

फेब्रुवारीत, बर्फ खिडकीपर्यंत आलेलं असताना, गावच्या सभागृहात आरोग्याची सभा भरली. मित्सुएच्या नोकरीतली ही शेवटची सभा. ती बोलायला पुढे येणार एवढ्यात झेंजिरोच उभे राहिले. काळा कोट घालून.

त्यांनी सगळं सांगितलं. कापलेलं गवत, लोणचं, चेरी, दोन आठवड्यांच्या बढाया, काहीही वगळलं नाही. लोक पोट धरून हसले. सोसायटीचा तज्ज्ञ तर रडेपर्यंत हसला. हसू ओसरेपर्यंत ते थांबले.

"हसून झालं? आता ऐका. डॉक्टर काही बोलले आणि कळलं नाही, तर मान हलवू नका. विचारा, म्हणजे काय? लाज वाटली तर माझी गोष्ट आठवा, तुमची लाज पळून जाईल. आणि विचारायचा धीर झाला नाही, तर ही बाई आहे आपल्याकडे. ही माझ्या बागेत आली, आणि हिने माझ्यावर हसू दिलं नाही कुणाला. स्वतःलासुद्धा."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मित्सुए भिंतीला टेकून उभी होती, हातात भाषणाचा कागद. चौतीस वर्षांत तिने या सभागृहात शेकडो भाषणं दिली होती आणि निम्मं गाव डुलक्या काढत असे. आज सगळे जागे होते. तिने कागदाची घडी केली, पाठ ताठ केली आणि पुढे जाऊन एवढंच विचारलं, "बोला, कुणाला काय कळलं नाहीये?"

एका वेळी सात हात वर झाले.